अम्मांच्या हापशाचं पाणी

९ नोव्हेंबर

आजपासून घरात बुरशी पाळायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मी आणि शिरीननं ठरवलं. जोबेदा तेव्हा मुन्शीवाडीत पाणी आणायला गेली होती, आणि ती परत आल्यावर तिला हे सांगायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती. शिरीन ही जोबेदाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ढाक्याला विद्यापीठात संशोधन करते. एवढी शिकलेली मुलगी दिवसभर बुरशीकडे बघत बसते आणि त्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळते.

शेवटी तिनंच सांगितलं. जोबेदानं कमरेवरची कळशी खाली ठेवली.

"माझ्या घरात? बुरशी? अगं, माझ्या बोरांच्या लोणच्याला आजवर एक पांढरा ठिपका आला नाही, आणि तू मला बुरशीची शेती करायला सांगतेस?"

"खाला, ती जिवंत ठेवायचीच नाही गं. वाढवायची, उकळून मारायची, वाळवायची, मग लोखंडाच्या पाण्यात भिजवायची. असं केलं की पाण्यातलं आर्सेनिक ती धरून ठेवते."

"मेलेली तर आणखीच वाईट," जोबेदा म्हणाली आणि चुलीकडे गेली.

रात्रीच्या जेवणात माशाचं डोकं नेहमी मला मिळतं. आज ते शिरीनच्या ताटात गेलं. म्हणजे राग माझ्यावर आहे.

१० नोव्हेंबर

मी गेल्यावर ही वही कुणी वाचली, तर म्हाताऱ्याला बुरशीचं वेड का लागलं होतं ते कळायला हवं, म्हणून लिहून ठेवतो.

अंगणाच्या कडेला, वाटेला लागून आमचा हापसा आहे. अम्मा गेल्या तेव्हा मी तो त्यांच्या नावानं बसवला. ओट्याचं सिमेंट ओलं असताना काडीनं नाव मीच कोरलं, मरहूमा सालेहा खातून. आमच्याकडे आईबापाच्या नावानं हापसा बसवतात तो पाण्यापेक्षा सवाबासाठी. माणूस गेलं की त्याची नमाज थांबते, रोजे थांबतात, पण त्याच्या नावच्या हापशाचं पाणी कुणी प्यायलं की त्या घोटाचं पुण्य तिकडे पोचत राहतं. अम्मा हयात असताना मी त्यांना धड काही देऊ शकलो नाही, एक बरी साडीसुद्धा नाही. हापसा मात्र दिला. सगळी आळी त्यावर पाणी भरायची. मी दवाखान्यात बसून त्याची करकर ऐकायचो आणि मनात म्हणायचो, अम्मांना पोचतंय.

मग पाणी तपासणारे आले. आमच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. त्यांनी हापशाच्या तोंडाला लाल रंग फासला. शेतापलीकडच्या मुन्शीवाडीतला हापसा चांगला निघाला, त्याला हिरवा. तेव्हापासून पिण्याच्या पाण्याला सगळी आळी तिकडे जाते, आणि आमच्या हापशावर फार तर कुणी पाय धुतं. तो हिरवा हापसा कलाम मुन्शीनं त्याच्या बापाच्या नावानं बसवलाय. हा बाप असा, की जिवंतपणी दारी आलेल्याला पाणीसुद्धा विचारायचा नाही. आणि आता माझ्या अम्मांच्या वाट्याचा सवाब बसल्या जागी खातोय.

तेही सोसलं असतं. पण लाल रंग लागण्याआधी कितीतरी वर्षं लोक तेच पाणी प्याले. जोबेदाच्या तळहातांवर मोहरीएवढे खडे आले होते. (ते मुन्शीच्या पाण्यानं कमी झाले, हे मान्य केलं पाहिजे.) मग त्या सगळ्या वर्षांत अम्मांच्या नावावर नक्की काय जमा झालं? इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अल्ला नियत बघतो." बरोबरच असेल. पण मला त्या उत्तरानं झोप लागली नाही.

बारा फेब्रुवारीला अम्मांचा मृत्युदिन. दरवर्षी घरी मिलाद असतो, दुआ आणि मग गोडधोड, सगळी आळी येते. यंदा आलेल्या माणसांनी अम्मांच्याच हापशाचं पाणी प्यावं. मला दुसरं काही नको.

१६ नोव्हेंबर

शिरीननं ढाक्याला जाण्याआधी एका बाटलीत काळी पूड दिली आणि सगळं समजावून सांगितलं. भाताची पेज घ्यायची, तीत काकवी घालायची, उकळून गार करायची आणि मातीच्या पसरट परातींत ओतायची. वर पूड भुरभुरायची आणि पातळ फडकं बांधायचं. शिळ्या पावावर धरते त्याच बुरशीची ही चुलत बहीण, म्हणे.

पेज जोबेदाकडूनच घ्यावी लागते, कारण भात ती शिजवते. "पेज देईन," ती म्हणाली, "हात लावणार नाही."

दवाखान्यात काशेम कोळी आला होता. गुडघा दाखवायचं निमित्त, खरी आली होती ती चौकशी. "डॉक्टरसाहेब, ऐकलं ते खरं का? इकडे गोळीतून आर्सेनिक देता आणि तिकडे पाण्यातून काढता?" मी होमिओपॅथीचा डॉक्टर, आणि आर्सेनिकम् ही माझी फार विश्वासाची गोळी. त्या गोळीत आर्सेनिक नावापुरतंच उरतं, असं मी त्याला शांतपणे समजावलं. "मग गुणही नावापुरताच येत असेल," म्हणाला. आमच्या शास्त्रात कडू औषध नाही, नाहीतर त्याला तेच दिलं असतं.

२५ नोव्हेंबर

आली!

आधी दुधावर धरते तशी पातळ साय. मग ती घट्ट झाली, तिच्यावर सुरकुत्या पडल्या, आणि आज सकाळी वर बारीक काळी पूड. मी प्रत्येक परातीचं फडकं उचलून पाहिलं. सगळ्यांत आली आहे. जोबेदानं नाकाला पदर लावून लांबूनच पाहिलं.

"झालं? आता तिला टोपरं शिवू का?"

मी फडकं परत बांधलं. आनंदात माणसानं वाद घालू नये.

तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली तशी ती पाण्याला निघाली. आकाशी साडी, केसांना तेल, तोंडात पान. पाणी आणायला एवढं कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "चार माणसांतून जायचं असतं." मुन्शीवाडी बांधावरून गेलं तर हाकेच्या अंतरावर. पण ही असरला जाते ती दिवस मावळता, मगरिबच्या बांगेच्या तोंडावर येते. इतका वेळ बिचारीला रांगेत ताटकळावं लागतं. येते तेव्हा चेहरा लाल झालेला असतो आणि कळशीतलं निम्मं पाणी वाटेत सांडलेलं. कलाम मुन्शीची बायको हाजेरा तिला बांधाच्या मध्यापर्यंत सोडायला येते. ती जोबेदाला थोरली बहीण मानते, बू म्हणते, म्हणून मला दुलाभाई म्हणते आणि मेहुणीच्या हक्कानं वाटेल ते बोलते. आपल्या दारात हिला एवढं उभं राहावं लागतं याची तिला लाज वाटत असावी.

संध्याकाळी मी जोबेदाला म्हटलं, "आणखी थोडे दिवस. एकदा घरात पाणी झालं की तुला पुन्हा त्या मुन्शीच्या दारात जावं लागणार नाही. अगदी कधीच नाही."

ती माझ्याकडे पाठ करून कळशीतलं पाणी माठात ओतत राहिली. भरून आलं असेल.

९ डिसेंबर

थंडी पडली आणि बुरशी रुसली. दुसऱ्या खेपेच्या पराती पेजेसारख्याच पांढऱ्या राहिल्या. शिरीन फोनवर म्हणाली, "खालू, तिला ऊब हवी." मी पेटीतली जाड गोधडी काढून परातींवर घातली. ती जोबेदानं पारुलच्या जन्माच्या वेळी शिवलेली होती, हे मला आधी आठवलं असतं तर दुसरी घेतली असती.

"लेकीची गोधडी बुरशीला!" ती ओरडली. तेवढ्यात हाजेरा बांधावरून दोघींसाठी खजुराचा रस घेऊन आली होती, तिनं ऐकलं. "राहू दे गं बू. दुलाभाईंना म्हातारपणी लेकरू झालंय. दिसायला त्यांच्यापेक्षा बरं आहे." दोघी हसत हसत आत गेल्या आणि तो रस मला मिळालाच नाही.

२१ डिसेंबर

शिरीन आली. आम्ही दोघांनी बुरशीचे तुकडे उकळले, वाळवले, लोखंडाच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाळवले. शेवटी हातात आले ते गंजल्या रंगाचे खडे, वाटाण्यासारखे. एवढ्या सगळ्या परातींतून एक लहानसं मडकं भरलं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड रचली. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात बुरशी, तिच्याखाली विटांचा चुरा, आणि तळाला रिकामा माठ. वरच्या दोघांना बुडाशी भोक. मी स्वतः हापसून पहिली घागर वर ओतली.

तळाच्या माठात थेंब पडायला लागले तेव्हा आम्ही तिघं कान देऊन ऐकत होतो. जोबेदासुद्धा.

शिरीनच्या तपासणीच्या पेटीत कागदाची पट्टी असते. पाण्यात आर्सेनिक असेल तर ती पिवळी पडते, फार असेल तर तपकिरी. आधी थेट हापशाचं पाणी तपासलं. पट्टी जुन्या पितळेसारखी झाली. मग माठातलं. आम्ही वाट पाहिली. पट्टी पांढरीच राहिली.

मी बाहेर गेलो आणि हापशाच्या ओट्यावर, अम्मांच्या नावावर हात ठेवून उभा राहिलो. थंडीनं डोळ्यांत पाणी येत होतं.

शिरीन नमुना ढाक्याला घेऊन जाणार आहे. तिथली खात्री झाल्याशिवाय कुणी प्यायचं नाही.

४ जानेवारी

ढाक्याचा निकाल आला. पाणी पिण्यासारखं आहे! मी पेलाभर एका दमात प्यालो. काही विशेष लागलं नाही आणि तेच विशेष.

जोबेदानं त्या पाण्याचा चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "वास येतो."

"कसला?"

"बुरशीचा."

मी कपात नाक घातलं. मला आल्याचा वास आला. "आणि रंगही गेला चहाचा," ती म्हणाली. रंग होता तसाच होता. असरला ती कळशी घेऊन निघाली. "घरात पाणी असताना?" मी विचारलं. "ते पाहुण्यांना," म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. ज्या बाईचे कष्ट वाचावेत म्हणून मी डिसेंबरभर परातींना गोधड्या पांघरत बसलो, तिला एका वासापुढं त्याची किंमत नाही. लोणच्यानं तिचं नाक इतकं तयार झालंय की नसलेली बुरशीही तिला सापडते.

कलाम मुन्शी बाजारात भेटला. "मोतालेबभाई, कशाला एवढी खटपट? आमच्या अब्बांच्या हापशाचं पाणी सगळ्या गावाला पुरतंय." मी म्हटलं, पुरेल, पुरेल. पण घरी आल्याआल्या उतरंडीत आणखी एक घागर ओतली.

७ जानेवारी

शिरीन फोनवर सगळं सोडून भलतंच विचारत होती. "खालू, खाला पाण्याला जाते तेव्हा आणखी कोण कोण असतं तिथे? काय बोलतात?"

मी म्हटलं, "बायका काय बोलणार? पाणी भरतात."

"तुम्ही कधी गेलाय का बघायला?"

बायकांच्या पाणवठ्यावर मी कशाला जाऊ? आणि त्याचा बुरशीशी काय संबंध? ही शिकलेली मुलं मधूनच विषय सोडून भरकटतात. मी तिला विचारलं, वासावर काही उपाय आहे का. ती हसली आणि म्हणाली, "वास पाण्याला नाहीये, खालू." तेच तर मी म्हणतोय.

११ जानेवारी

आज सकाळी शिरीन तपासायला आली आणि पट्टी पिवळी झाली. हळदीसारखी पिवळी.

पुन्हा तपासली. पुन्हा पिवळी. हापशाच्या पाण्यात आणि माठातल्या पाण्यात फारसा फरक उरला नव्हता. शिरीनचा चेहरा उतरला. "इतक्या लवकर थकायला नको होती ही. कुठंतरी माझंच चुकलं असणार." तिनं बुरशीचे खडे हातात घेऊन पाहिले. त्यांचा गंजल्यासारखा रंग फिकट झालेला. असं का, ते तिला कळेना. मीही हे पाणी थोडे दिवस प्यालो होतो. एवढ्यानं काही होत नाही, असं ती म्हणाली, पण मला त्याची काळजी नव्हती.

तिसऱ्या प्रहरी मी हापशाच्या ओट्यावर जाऊन बसलो. मी डॉक्टर आहे, साठी उलटलेला माणूस आहे, वाटेनं लोक जात-येत होते, तरी मला रडू आलं. अम्मांना मी दोन वेळा पाणी देऊ केलं आणि दोन्ही वेळा त्यात विष निघालं. दुसऱ्या कुणाच्या आईच्या नशिबी असं आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "अम्मा, मला जमत नाही हो." मागं वळलो तर जोबेदा कळशी घेऊन उभी. आकाशी साडीत. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

ती पाण्याला गेली नाही. मला माहीत असल्यापासून पहिल्यांदाच.

१२ जानेवारी

पहाटे फजरच्या नमाजीनंतर जोबेदा माझ्यासमोर येऊन बसली. शिरीनलाही बोलावून घेतलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"पारुलचे अब्बा, ती बुरशी मी धुतली."

"धुतली म्हणजे?"

"बुळबुळीत झाली होती. मिलादला लोक येणार, कुणी मडक्यात डोकावून बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? अम्मांच्या नावाचं पाणी आणि त्यात बुळबुळ? म्हणून काढली, राखेनं चोळली आणि चार पाण्यांतून धुऊन परत ठेवली."

"राखेनं?" शिरीन म्हणाली.

"शिंगी मासा चोळत नाही का आपण? बुळबुळ जाईपर्यंत. तशीच चोळली. एक-एक खडा." तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांत अजून राखेचा करडा रंग होता.

शिरीन एक क्षण बघत राहिली आणि मग इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. राखेच्या खारानं बुरशीची पकड सुटते, म्हणाली. लोखंडही धुऊन गेलं असणार. "खाला, ढाक्याला आम्ही आम्ल वापरलं, क्षार वापरले, सगळं करून पाहिलं. शिंगी मासा समजून कुणी चोळेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही!"

मला हसू आलं नाही. म्हटलं, "हात लावणार नाही म्हणाली होतीस."

"अम्मांसाठी लावला," ती म्हणाली.

तिचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या केसांना तेल अम्माच लावायच्या. मी हे विसरलोच होतो. त्या माझ्या एकट्याच्याच अम्मा आहेत, असं मी धरून चाललो होतो.

मग तीच म्हणाली, "मिलादला महिना आहे. नव्यानं लावू. परातींचं मी बघते. लोणच्यात बुरशी येऊ नये म्हणून जे जे करते, त्याच्या उलट करायचं, एवढंच ना? पण माझी एक अट आहे. उतरंड स्वयंपाकघरात नको. बाहेर फणसाखाली ठेवा, हापशाशेजारी, वाटेवर. आणि तिथे एक बाकडं टाका."

"वाटेवर? पानं पडतील, मांजरं येतील, येणारा-जाणारा त्रास देईल. आणि बाकडं कशाला?"

"पाणी झिरपायला वेळ लागतो. माणसानं उभं राहायचं का तोवर?" आणि थोड्या वेळानं, "नसेल ठेवायची बाहेर, तर राख माझ्या चुलीत आहेच."

शिरीन खाली बघून गालातल्या गालात हसत होती. मी कबूल झालो. तिला घरात बुरशी नकोच होती सुरुवातीपासून, हे मला आता कळलं.

३० जानेवारी

पराती जोबेदाच्या ताब्यात आहेत. चुलीच्या उबेला ठेवते, गोधडी लागत नाही. फडकी ती रोज बदलते. बुरशी माझ्या वेळेपेक्षा जाड आली, पण तेव्हा थंडी जास्त होती. मी सल्ला द्यायला गेलो तर "दवाखान्यात कुणीतरी खोकतंय," असं म्हणाली. कुणी खोकत नव्हतं.

फणसाखाली विटांचा चौथरा झाला. उतरंडीला वरून झाकण, बाजूनं जाळी, तळाच्या माठाला नळी. थकलेली बुरशी टाकायला शिरीननं सिमेंटचा बंद हौद करून घेतला. ते आर्सेनिक पुन्हा मातीत जाता कामा नये, याबाबतीत ती फार कडक आहे.

जोबेदा पाण्याला जाते तेव्हा हल्ली मुन्शीवाडीत काय सांगते कुणास ठाऊक. आळीतल्या बायका येता-जाता थांबून उतरंडीकडे बघतात आणि आपसांत कुजबुजतात. बुरशीला नावं ठेवत असणार. मिलादला कुणी पाणी प्यायलंच नाही तर? पट्टी पांढरी राहील, पण माणसांची तोंडं? ही काळजी मला आधी सुचलीच नव्हती. आता तीच खाते आहे.

१२ फेब्रुवारी

सकाळी शिरीननं सगळ्यांसमोर पट्टी लावली. पांढरी. ढाक्याचा निकालही काल आला होता, चांगला. तरी मी ती पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

मी ठरवलं होतं की पहिला पेला इमामसाहेबांनी घ्यायचा. त्यासाठी काचेचा नवा पेला आणून ठेवला होता. दुआ झाली, जिलेबी वाटली, पुरुषमंडळी ओसरीवर बसली होती. कलाम मुन्शीही होता. जिलेबी खाऊन सगळ्यांना तहान लागलेली, पण कुणी पाणी मागेना. सगळे फणसाकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. काशेम तर सरळ म्हणाला, "मी घरून पिऊन आलोय." इमामसाहेब दाढी कुरवाळत बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून हाजेरा येताना दिसली. कमरेवर रिकामी कळशी. तिच्या मागं आळीतल्या सगळ्या बायका, एकीमागं एक, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी कळशी.

"दुलाभाई, पाणी मिळेल का?"

"आधी इमामसाहेब..." मी म्हणालो.

"तहान मला लागलीय का इमामसाहेबांना?" ती माठाशी उकिडवी बसली, नळीखाली ओंजळ धरली आणि प्यायली. कोपरांवरून पाणी ओघळत होतं. आम्ही सगळे बघत होतो. तिनं तोंड पुसलं आणि जोबेदाकडे वळून म्हणाली, "आणखी दे गं बू." मग दुसरी बसली, मग तिसरी. मग ओसरीवरून इमामसाहेब उठले आणि त्यांच्या मागून पुरुष. कलाम मुन्शीनंही अर्धा पेला घेतला. "जरा लोखंडी लागतं," म्हणाला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं उरलेला अर्धाही घेतला.

माठ रिकामा झाला. बायकांनी आपणच हापसून वरचं मडकं भरलं. करकर, करकर. इतक्या वर्षांनी तो आवाज ओसरीवर आला. जोबेदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोचलं हो." मी मान हलवली.

माझ्या आयुष्यातला हा फार चांगला दिवस होता. चट्टग्रामहून पारुलचा फोन आला तेव्हा तिला सांगताना मी दोनदा रडलो, आणि ती म्हणाली, "अब्बा, अम्मीला द्या फोन." जोबेदानं तिला काय सांगितलं माहीत नाही, पण पलीकडून हसण्याचा आवाज येत होता.

३ मार्च

पाणी उत्तम चाललं आहे. जोबेदाला आता वास येत नाही. चहाचा रंगही परत आला, म्हणे. ती मुन्शीवाडीत जात नाही. तिचे कष्ट वाचले, हे मला डोळ्यांनी दिसतं. रंग उजळलाय, चालणं हलकं झालंय. मी तिला म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हतो?" ती म्हणाली, "सांगत होतात."

एकच त्रास आहे. असरची बांग झाली की फणसाखाली सगळ्या आळीतल्या बायका जमतात आणि इतक्या मोठ्यानं हसतात की मला दवाखान्यात रोग्याची नाडी लागत नाही. कुणाची सून, कुणाचा मुलगा सौदीहून काय घेऊन आला, कुणाच्या नवऱ्यानं कुठली बुरशी कुठल्या गोधडीत झोपवली, सगळं मला भिंतीआडून ऐकू येतं. पाणी कधीचंच भरून झालेलं असतं. जोबेदा आकाशी साडी नेसून मधोमध बसते. स्वतःच्या अंगणात जायला साडी कशाला बदलायची, ते मी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट मला काही केल्या उलगडत नाही. हाजेरा. तिच्या स्वतःच्या दारात हिरवा हापसा आहे, स्वच्छ पाण्याचा, सासऱ्याच्या नावाचा. तरी ही बाई रोज बांध ओलांडून आमच्या लाल हापशावर येते, स्वतः हापसते, झिरपेपर्यंत बसते, भरून झाल्यावरही बसते आणि मगरिबच्या बांगेच्या तोंडावर कळशी घेऊन निघते. जोबेदा तिला बांधाच्या मध्यापर्यंत सोडायला जाते. घरी पोचेपर्यंत तिच्या कळशीतलं निम्मं पाणी सांडत असणार.

आज मी जोबेदाला विचारलंच, "एवढ्या लांबून ही रोज का येते?"

"तुमच्या अम्मांचं पाणी गोड आहे," ती म्हणाली.

असेल. गोड असेल तर घोट जास्त, आणि घोट जास्त तर सवाब जास्त. मी उगाच खोलात कशाला शिरू? सुताराला उद्या बोलावलंय, फणसाखाली दुसरं बाकडं टाकायला. एकावर सगळ्या मावत नाहीत.